फोटोतले खांदे

घाटकोपर पूर्व,
श्रावणातला मंगळवार

चिरंजीव नाना यास,

थोरल्या बहिणीचे, तुझ्या बायचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे धड आहोत. तुझा गुडघा, तुझी म्हैस आणि तुझी बायको यांची खुशाली याच क्रमाने कळव, कारण तू नेहमी तशीच सांगतोस. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तुला ऐकू येत नाही, मग तू स्पीकर लावतोस आणि माझ्या घरातलं सगळ्या वाडीला कळतं. म्हणून पत्र. सांगतेय मी, लिहितेय ऋतिका. (नात आहे म्हणून फुकट लिहिते असं समजू नको, पत्रामागे एक पुरणपोळी ठरलीय. तिचं पेन थांबत नाही, म्हणजे हेही लिहिलंन वाटतं.)

विषय तिच्या भावाचा, आपल्या सुयोगचा आहे. गेलं वर्षभर तो जिमला जातो. स्टेशनजवळच्या एका इमारतीत खाली डोसेवाला आहे आणि दुसऱ्या मजल्यावर जिम. खाली लोक खातात, वर जाऊन जिरवतात. रोज दीड तास लोखंड उचलतो, पण घरात गॅसचा सिलेंडर सरकवायचा म्हटलं की नेमका त्याचा पायांचा वार असतो. (त्यांच्यात उपासासारखे वार असतात, सोमवार छातीचा, मंगळवार पाठीचा.) एकदा वजनाखाली बोट चेंगरलं तर केवढा कण्हत आला. मी म्हटलं, अरे, तुझ्या आजोबांचं उजव्या हाताचं अर्धं बोट गिरणीत मागाच्या साच्यात गेलं, तरी पाळी संपवून घरी आले. सकाळी सहा अंडी खातो, तीही आतला पिवळा बलक काढून. टाकायचा कसा, म्हणून बलक मी खाते. वर्षभरात त्याच्या अंड्यांनी माझं वजन चार किलो वाढलं, त्याचं दीड.

तर महिन्यापूर्वी पोरगा तोंड पाडून घरी आला. तिथे धवल म्हणून शिकवणारा आहे, त्याने सांगितलं की मेहनत ठीक आहे, पण जेनेटिक्स पाहिजे. ऋतिकाने मला उलगडून सांगितलं, की अंग बापजाद्यांकडून येतं, नाही आलं तर बसा उचलत. सुयोगने बापाकडे बघितलं. आमचा जयवंत सोफ्यावर आडवा होता, पोटावर रिमोट ठेवलेला, आणि तो रिमोट घसरत नव्हता. पोराने जिमची बॅग माळ्यावर टाकली. नाना, शाळेत याला सगळे काडी म्हणायचे, तुला ठाऊक आहे. चित्रकला सोडली, तबला सोडला, पोहणं तर पाणी बघूनच सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट वर्षभर धरली होती त्याने.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी दोन मजले चढून मी गेले जिममध्ये. (लिफ्ट नाही. तिथे यायला आधी अंगात ताकद असावी लागते.) धवल गुजराती असला तरी मुलगा चांगला, स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाला, "आजी, तुमच्या फॅमिलीमधे कोणाचे शोल्डर होते का?" मी म्हटलं, खांदे सगळ्यांनाच होते बाबा, नाहीतर डोकी ठेवली असती कुठे? बोलता बोलता तो पावडरीच्या डब्याचं झाकण उघडत होता. त्याला जमेना, मांडीएवढे दंड असलेल्या दोघांना जमेना. मी पदर लावला आणि उघडून दिलं. (पंचवीस वर्षं चाळीत तीन मजले हंडे चढवले, झाकणाचं काय घेऊन बसलास.) धवल माझ्या मनगटाकडे बघत राहिला, पण माझं लक्ष त्याच्या प्रश्नात अडकलेलं.

घरी येऊन सुयोगला भिंतीवरच्या यांच्या फोटोसमोर उभं केलं. अंगात कोट, खुर्चीवर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि खांदे असे की दारातून आडवं व्हावं लागेल. म्हटलं, हे तुझे आजोबा, बघ. हे तुझ्या रक्तात आहे, मधली एक पिढी नुसती झोपून गेली. (जयवंत तेव्हाही सोफ्यावर होता.) पोरगा बराच वेळ फोटो बघत राहिला. संध्याकाळी त्याने बॅग खाली काढली. आता जाताना फोटोला नमस्कार करतो. परवा सिलेंडरही सरकवलान, आणि वार पायांचा होता.

तर असं सगळं झकास आहे. दिवाळीनंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला येशील तेव्हा कुळीथ आण.

तुझी बाय,
रत्नप्रभा (अंगठा माझाच, शाई ऋतिकाची)

ता. क. आलास की फोटोची गोष्ट काढू नको. भजनी मंडळीत सांगतोस तशी इथे सांगशील. खांदे तुझे आहेत हे मी विसरलेली नाही. हे गेले तेव्हा घरात यांचा एकच फोटो, गिरणीच्या पासावरचा, नखाएवढा, मानेपर्यंत. स्टुडिओवाल्याने विचारलं, तोंड आहे, अंग कोणाचं लावू? तू चिरे वाहून वाहून रेडा झाला होतास, तेराव्याला आलेला होतास, शेजाऱ्यांचा कोट चढवून तुलाच बसवलं. हे कसे होते? वारा सुटला की मी यांचा सदरा धरून चालायची. पोराला हे कळलं तर बॅग परत माळ्यावर जाईल. माझ्यासाठी एवढं गप्प बस. (ऋतिकालाही तंबी दिलीय.)

ता. क. २. तसं मी खोटं बोललेही नाही. तुझे खांदे आपल्या बाबांचे, आणि मी तुझी सख्खी बहीण, म्हणजे पोराच्या रक्तात ते माझ्याकडून आलेच ना? पण रक्त म्हटलं की सगळे आजोबांकडे बघतात, आजी जशी काही या घरात भाड्याने राहते. असू दे. तो खूश आहे.

ता. क. ३. (हे आजीला वाचून दाखवणार नाही.) नानाआजोबा, मी ऋतिका. सुयोगला त्याच दिवशी कळलं. फोटोतल्या उजव्या हाताची पाची बोटं शाबूत आहेत, तो तेच बघत उभा होता. खांदे कोणाचे हे मात्र मला आज लिहिताना कळलं, आत जाऊन त्याला सांगून आले. मग बॅग का काढली होतीस विचारलं, तर म्हणाला, आजी माझ्यासाठी दोन मजले चढून गेली, आता सोडतो कसं सांगणार तिला? आणि धवल त्याला रोज त्या झाकणाची आठवण करून देतो. तेव्हा तुम्ही खरंच काही बोलू नका, त्याला माहीत नाही असंच आजीला वाटू दे. आणि येताना कोट घालू नका.