वाट पाहणारी पेशी

प्रिय उंटा,

तुला या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नसेल. सगळे सर म्हणत असतील. पण दारातून आत शिरताना तू अजूनही मान खाली घालतोस, हे मी काल खिडकीतून पाहिलं आणि मला हसू आलं. पाहुणेघराचं दार चांगलं उंच आहे रे. सवय जात नाही माणसाची. माझीही गेलेली नाही. अकरा वर्षं मी तुझ्यावर डूख धरून आहे, आणि नुसता धरला नाही, तर कुंडीतल्या झाडासारखं पाणी घालून वाढवलाय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वरच्या ‘प्रिय’ने तुझा गैरसमज नको.

मी इथे काय करते ते तुला ठाऊक असेल. नसेल तर कार्यक्रमपत्रिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात बघ. दरवर्षी चार आठवडे हा प्रगत अभ्यासवर्ग चालतो. अर्धी माणसं संगणकवाली, अर्धी प्राण्यांची आणि मेंदूची. त्यांना जोडीने एका बाकावर बसवून एकमेकांची भाषा शिकवायची हे माझं काम. यंदा पहिल्याच आठवड्यात एक धिप्पाड प्रोग्रामर बर्फावर गारठवलेला रातकिडा बघून खुर्चीवरून घसरला. उलट डॉक्टर मंडळी एका बोटाने टाइप करतात आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली की आपल्या हातून कुणी दगावल्यासारखी उठून उभी राहतात. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र दोन्ही पार्ट्यांचं गूळपीठ जमतं. मग मी त्यांना सरावासाठी तुझ्या प्रसिद्ध फाइली देते. सगळीकडे त्याच देतात, त्यात नवल काही नाही. फक्त मी त्यातली एक कधीच चुकवत नाही, नंबर एक्केचाळीस.

आपणही अशाच वर्गात एका बाकावर आलो होतो. तू संगणकाकडून, मी किड्यांकडून. नंतर आपल्या मार्गदर्शक सरांनी आपल्याला तळघरातली ती खोली दिली. भिंतीला ओल, टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली घडी करून ठेवलेलं तुझं जुनं ओळखपत्र. रातकिड्याला काळ्या कापडाखाली ठेवायचं, त्याच्या मेंदूत केसाएवढ्या तारा सोडायच्या, दर दहा सेकंदांनी स्पीकरवर दुसऱ्या रातकिड्याचं गाणं लावायचं, आणि कुठली पेशी कधी विजेचा ठोका देते ते टिपायचं. तारा मी जोडायचे, किडे मी सांभाळायचे, एकेका ठोक्यावर हाताने खूण मीच करायचे. हजारो खुणा. तू मागे उभा राहून, हातात कप घेऊन, इथे बघ नि तिथे बघ म्हणायचास. उंटावरून शेळ्या हाकतोस म्हणून मी तुला उंट म्हटलं आणि तू मला मुंगी. मुंगी होऊन साखर खावी, असं तू वर ऐकवायचास. साखर कोण खाणार हे मी विचारायला हवं होतं.

मग ती सापडली. गाणं सुरू व्हायच्या किंचित आधी, दर वेळी, न चुकता ठोका देणारी पेशी. गाणं येणार हे किड्याला कळतंय, तो वाट बघतोय! ‘वाट पाहणारी पेशी’ हे नाव तुझं, कबूल. त्या दुपारी तू मला उचलून गरकन फिरवलंस आणि माझं डोकं दिव्याच्या पत्र्यावर आपटलं. टेंगूळ चार दिवस होतं. त्याच चार दिवसांत आपण लग्नाचंही बोललो.

पुढे आईच्या आजारपणाचा फोन आला तेव्हा एक्केचाळिसावी फाइल चालू होती. मी हातातलं सगळं टाकून पळाले. दीड महिना दवाखान्यात आईच्या उशाशी होते. पहिले आठ दिवस तू रोज फोन केलास, आणि आई कशी आहे यापेक्षा कुठली फाइल कुठे आहे हेच जास्त विचारलंस. मी भाबडी, सगळं सांगत गेले. माझी वही मात्र माझ्याजवळ होती. एका दुपारी आई झोपलेली असताना मी वही आणि लॅपटॉपवर उघडलेल्या फाइली ताडून बघायला बसले. एक्केचाळीसच्या पानावर माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: किडा मेला, तीन वाजून सतरा मिनिटं. त्याखाली काही नव्हतं, कारण त्याच मिनिटाला फोन वाजला होता आणि यंत्र बंद करायचं राहिलं होतं. फाइल पुढे पंचवीस मिनिटं चालली होती. बाकीच्या पेशी एकेक करून थंडावल्या होत्या. तुझी लाडकी पेशी मात्र दर दहा सेकंदांनी, ठणठणीत, वाट पाहत होती. मेलेला किडा कसली वाट पाहणार रे? तो गाण्याच्या किंचित आधी स्पीकर चालू होण्याचा विजेचा झटका होता. मी जोडलेल्या तारेतून तो मेंदूतल्या तारेत उतरत होता. पेशी नव्हतीच. चूक माझी होती, माझ्या जोडणीची.

ती वही पिशवीत घालून मी थेट तळघरात आले. तोंड उघडायच्या आधीच तू छापून येणारा शोधनिबंध माझ्या हातात ठेवलास. तुझं नाव, मग सरांचं, आणि अगदी तळाशी, आभारांत, मी. तांत्रिक साहाय्याबद्दल. माझा चेहरा बघून तू लाडीगोडीने म्हणालास की आता आपण एकाच घरात राहणार, मग नाव कुणाचं का असेना. मी पिशवीची चेन अर्धी उघडली होती. ती पुन्हा लावली. लग्न मोडताना लोकांना स्वभाव जुळत नाहीत असं सांगितलं, ते काही खोटं नव्हतं.

तेव्हाच का बोलले नाही? बोलले असते तर कोल्ह्याला द्राक्षं आंबट, एवढंच ठरलं असतं. मला तुझं हसं हवं होतं, आणि ते तिऱ्हाइताच्या हातून हवं होतं. म्हणून थांबले. तू आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलास, बक्षिसं घेतलीस, मोठी प्रयोगशाळा मिळवलीस, आता नव्या संस्थेचा प्रमुखही होणार म्हणे. तू जितका वर जाशील तितकं बरं, असं मी मनात म्हणायचे. या हिशेबात एक पोर मात्र चिरडली गेली. माझीच विद्यार्थिनी. तीन वर्षं ती नाकतोड्यांत तुझी पेशी शोधत राहिली. सापडली नाही तेव्हा आपल्याच हाताला गुण नाही असं ठरवून तिने हे काम सोडलं. आता चष्म्याच्या दुकानात असते. मी माझा चष्मा तिच्याकडूनच घेतला आणि तिथेही गप्प बसले. ते पाप निम्मं तुझं आहे, निम्मं माझं. हे लिहिताना माझी मान खाली आहे.

दहा तुकड्यांतल्या एकालाही ते दिसलं नाही. सगळे स्क्रीनकडे बघायचे, किड्याकडे कुणी बघायचं नाही. यंदा एक गुरांची डॉक्टर आलीय, पन्नाशीची, टाइप करताना जीभ बाहेर काढणारी. एक्केचाळीस उघडून ती दहा मिनिटं एकेक पेशी थंडावताना बघत बसली. मग ‘बाई, हा प्राणी गेलाय,’ असं शांतपणे म्हणाली. ती आयुष्यभर गोठ्यांत मरण बघत आलीय, तिला आकडे कशाला लागतात! तिने आणि तिच्या जोडीदाराने अडगळीतून जुना स्पीकर काढला, तीच जोडणी केली, मेलेला किडा ठेवला. पेशी वाट बघायला लागली. सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि पोटभर रडले. आनंदाने म्हणू की कशाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज अकरा वाजता तुझं समारोपाचं व्याख्यान आहे, आणि ती गुरांची डॉक्टर पहिल्या रांगेत बसणार आहे. हे पत्र नाश्त्याआधी तुझ्या दाराखालून सरकवावं, असं मला पहाटेपासून वाटत होतं. पण मी तुला ओळखते. तू मंचावर जाऊन, डोळ्यांत पाणी आणून, स्वतःच सगळं कबूल केलं असतंस, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या, आणि माझ्या हजारो खुणा घेतल्यास तशी ही चूकही तू आपल्या नावावर करून घेतली असतीस. म्हणून मी हे पाहुणेघराच्या मावशींकडे दिलंय आणि व्याख्यान आटोपून तू खोलीवर आलास की मगच द्या, असं बजावलंय. तू हे वाचतो आहेस, म्हणजे तिचा प्रश्न विचारून झालाय. तिच्यामागून मी उठून उभी राहिले असेन, आणि अकरा वर्षं मला हे माहीत होतं, तेही सांगितलं असेल. उद्यापासून हा वर्ग माझ्याकडे राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. संध्याकाळी मी चष्म्याच्या दुकानात जाणार आहे. सोबत वहीचं ते पान जोडलंय, माझ्या अक्षरातलं. ते तेवढं जपून ठेव. बाकी सगळं तू घेतलंस, पण ती चूक माझी होती, आणि तिच्याखाली माझं नाव मी आज स्वतः लिहिलं आहे.

तुझीच, आभारांच्या यादीतली,
मुंगी