अंगठ्यापासून चौदा इंच

१ सप्टेंबर, सकाळी ६.१०
आजपासून योगा. घरीच. क्लासला जाऊन दहा अनोळखी लोकांचे तळवे बघायची मला हौस नाही.

कारण नोंदवून ठेवतो. काल दुकानात दंतवैद्य पॅन्टचं माप द्यायला उभे राहिले. मी वाकलो. वाकलो तो तसाच राहिलो. मुलीने काखेत हात घालून सरळ केलं आणि दंतवैद्य हसले. ज्याचं उभं आयुष्य लोकांच्या तोंडात वाकून बघण्यात चाललंय, त्याने हसावं! नंतर मुलगी म्हणाली, बाबा, यापुढे मापं मी घेते, कटिंगही मीच करते, तुम्ही काउंटरला बसा. काउंटरला! बत्तीस वर्षं कात्री चालवणाऱ्याला! दोन वर्षांचा कोर्स केला की बापाला खुर्चीत बसवायचं सर्टिफिकेट मिळतं वाटतं.

मी भर दुकानात सांगून टाकलं, महिनाअखेर पायाचे अंगठे धरून दाखवीन. नाही जमलं तर कात्री तुझी. तोवर मापं तिने घ्यावीत, कापणार मीच. तिचा टेप गुलाबी आहे. प्लॅस्टिकचा. खेळणं नुसतं.

६.४०
पाय पसरून बसलो, हात लांब केले. बोटांपासून अंगठ्यापर्यंत चौदा इंच. माझ्या कापडी टेपने मोजलं, म्हणजे प्रश्नच नाही.

२ सप्टेंबर
व्हिडिओतल्या बाईला मी रबरबाई नाव ठेवलंय. स्वतःचं कपाळ गुडघ्याला लावून वर म्हणते, चेहऱ्यावर हसू ठेवा. हाडं नसलेल्यांनी हाडं असलेल्यांना शिकवू नये.

एक मात्र कामाचं बोलली. हात पोचत नसतील तर पट्टा तळव्यांना अडकवून ओढा. बाजारात खास पट्टे मिळतात म्हणे. आमच्या गळ्यात आयता टेप असताना पट्टा कशाला? तळव्यांत अडकवला, दोन्ही टोकं धरली, वीस वेळा ओढलं. जीव खाऊन.

५ सप्टेंबर
सुट्टी. गुडघा.

६ सप्टेंबर
सुट्टी. दुसरा गुडघा.

७ सप्टेंबर
चाळीस वेळा ओढलं. दोन दिवसांची भरपाई.

१३ सप्टेंबर, ६.३०
साडेतेरा!! अर्धा इंच कमावला. पोटही मोजलं. बेचाळीस होतं, साडेचाळीस भरलं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, मग पॅन्टचं बटण का लागत नाही? पॅन्ट आटली असणार. कापडातलं हिला काय कळतं!

मेव्हणा आला होता. न सांगता वाकून दोन्ही तळवे जमिनीला टेकवून दाखवले. रिकामं पोतं कसंही दुमडतं. त्यात कसलं आलंय कौतुक?

१७ सप्टेंबर
दंतवैद्यांच्या कोटाची ट्रायल. त्यांना कुठल्याशा परिषदेत भाषण करायचंय. कोट घातला आणि आत दुसरा दंतवैद्य मावेल इतकी जागा उरली. मी मापाची वही काढून मुलीपुढे आपटली. छाती चाळीस तिच्याच अक्षरात. मी चाळीसप्रमाणेच कापला. म्हणजे चूक कोणाची, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

जाता जाता कटिंग टेबल मोजलं. रुंदी छत्तीसची चौतीस झालीये. लाकूड सुकतं.

२१ सप्टेंबर
बँक मॅनेजरचा कोट ढगळ. हेडमास्तरांचाही. गिऱ्हाइकांसमोरच मुलीला झापलं, आधी माप घ्यायला शीक, मग कात्रीवर डोळा ठेव. लाल झाली, पण उलट बोलली नाही. ती उलट बोलली असती तर बरं झालं असतं. दिवसभर दुकानात नुसत्या मशिनचा आवाज.

सव्वातेरा.

२६ सप्टेंबर
मुलीने तिघांची मापं पुन्हा घेतली. तीच आली. म्हणाली, बाबा, तुमचा टेप जरा द्या. दिला नाही. माझ्या टेपवर शंका? तेव्हा शांतपणे म्हणाली, मला माप घेताच येत नसेल तर मी दुसरीकडे नोकरी बघते.

बघ म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

२८ सप्टेंबर
तेरा. रबरबाईचा व्हिडिओ बंद केला. माझी प्रगती तिच्या पुढे गेलीये. बायको दोन दिवस कामापुरतंच बोलते.

३० सप्टेंबर, दुपार
लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

दुकान, सकाळी अकरा. मुलगी, बायको, न बोलावता मेव्हणा आणि दुसऱ्या ट्रायलला आलेले दंतवैद्य. मी कटिंग टेबलावर पाय पसरून बसलो. वाकलो. अंगठे जिथे होते तिथेच. मी म्हटलं, प्रगती बघा, चौदाचे तेरा झालेत, आणि पुराव्यासाठी टेप काढला. मुलीने हातातून घेतला, आपल्या गुलाबी टेपशेजारी टेबलावर सरळ ठेवला. तिचे साठ इंच संपले तिथे माझ्या टेपवर छप्पन्नही पूर्ण नव्हते.

प्लॅस्टिक लांबलं असेल, मी म्हटलं. तिने स्टीलची पट्टी लावली. गुलाबी टेप तंतोतंत.

बायकोने विचारलं, टेपचं काय केलंत?
योगा, म्हटलं.

दंतवैद्य हसले. यावेळी रागही आला नाही. मुलीने स्टीलच्या पट्टीने माझं अंतर मोजलं. चौदा. महिनाभर मी टेपच तेवढा लवचिक करत होतो, आणि त्याच टेपने तिची बरोबर मापं चुकीची कापत होतो. वर तिलाच झापत होतो, चारचौघांत.

चारचौघांतच सांगितलं मग, चूक माझी होती, तू कुठेही जाऊ नकोस. कात्री तिच्या हातात दिली. ती म्हणाली, आधी टेबलावरून उतरा बाबा, कोट कापायचाय.

उतरता येईना. मेव्हण्याने उतरवलं.

१ ऑक्टोबर, सकाळी १०.३०
काउंटर. खुर्ची बरी आहे. दंतवैद्यांचा कोट मुलीने उसवून पुन्हा कापला. अंगासरसा बसला. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

गळ्यात टेप नसल्याने मान मोकळी वाटते.

खोटं लिहिलं. सारखा हात जातोय तिकडे.

११.१५
पायाशी टाचणी पडलीये. मुलगी मोकळी झाली की उचलून देईल.