रेषेखालचा पाय

गुरुजी,

या लिखाणातून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. तुमच्या स्वतःच्या शस्त्रक्रियेला तुम्ही दिलेला नकार वैराग्यातून आलेला नव्हता. तो भयातून आला होता. हे सिद्ध झाले तर तुमचा नकार माझ्यावर बंधनकारक राहत नाही, आणि उद्या नांदेडला जाऊन मी माझा डावा पाय कापून घेऊ शकतो. सिद्ध झाले नाही, तर तुमचा विद्यार्थी म्हणून मला घरीच थांबले पाहिजे. थांबलो तर काय होईल, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे. पायातील कूज रक्तात उतरेल आणि मी मरेन.

आधी घटना सांगतो. साखरेच्या आजाराने माझ्या पावलांतील संवेदना काही वर्षांपासून गेलेली आहे. या हंगामात डोंगरकड्याजवळ लेकीच्या शेतात हळद शिजत होती. लोखंडी टाकीखाली भट्टी पेटलेली, वाफेचा मातकट, उग्र वास सगळ्या वावरभर पसरलेला, आणि मी चपला बांधावर काढून ठेवून भट्टीजवळ उभा आहे. कुणीतरी बाहेर ओढलेले निखारे राखेखाली दडलेले आहेत. लेक लांबून ओरडते, "अण्णा, पाय! इस्तवावर उभे हायेत तुमी!" मी खाली पाहतो. माझा पाय भाजत आहे, ही बातमी मला डोळ्यांकडून मिळते. पायाकडून काहीच येत नाही.

त्या क्षणी मला तुमचे लिंबू आठवले. कळमनुरीच्या देवळाच्या ओवरीत तुम्ही ते आधी आम्हाला दाखवलेत, मग आमचे डोळे मिटवून हातात दिलेत आणि विचारलेत, "जे पाहिलं तेच हाती आलं, हे कोण सांगतं? डोळ्याला स्पर्श नाही, हाताला दृष्टी नाही. दोघांचा साक्षी एकच, आणि तो दोघांहून वेगळा." तोच आत्मा, असे तुम्ही म्हणालात. निखाऱ्यांवरून पाय उचलताना मला वेदना झाली नाही. झाला तो आनंद, हे लिहिताना संकोच वाटतो. देह म्हणजे मी नव्हे, याचा याहून स्वच्छ दाखला मला आयुष्यात मिळाला नव्हता. हळद लावून फडके बांधले आणि तो दाखला लेकीला रोज ऐकवू लागलो. जखम मात्र तिला दाखवली नाही. शेवटी एके दिवशी जेवताना तिने ताट बाजूला सारले. "तुमचा साक्षी राहू द्या बाजूला. मला वास येऊन राहिला."

नांदेडच्या डॉक्टरांनी पेनाने माझ्या पोटरीवर एक रेषा ओढली. तिथून खाली काढावे लागेल, म्हणाले. "गुडघा राहील ना?" असे मी विचारले. ते हो म्हणाले. मी पुन्हा विचारले, आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. घरी आल्यावर अंघोळीला बसलो, तेव्हा ती रेषा पुसली जाऊ नये म्हणून पाय पाटावर बाजूला ठेवला. रेषेच्या वरचा तो मी, तर खालचा कोण, हा प्रश्न मी ओवरीत सहज सोडवला असता. न्हाणीघरात तो सुटला नाही. बाहेर येऊन लेकीला सांगितले की मी शस्त्रक्रिया करून घेणार नाही. माझ्या गुरूंनी केली नव्हती.

"काहून पण?"

"देह माझा नव्हे. त्याच्यासाठी एवढा खटाटोप मला शोभत नाही."

ती धुणे वाळत घालत होती. हातातले धोतर तसेच पिळत म्हणाली, "तुमचा न्हाई ना? मग देऊन टाका की. दुसऱ्याच्या वस्तूला एवढं काहून धरून राहिले?"

भर सभेत प्रतिपक्षाने गप्प केले, असे माझ्या बाबतीत फार थोड्या वेळा घडले आहे. तिने तर्कशास्त्राचे एक पानही वाचलेले नाही. उत्तराऐवजी मी तुमच्या मागे उभा राहिलो.

म्हणून आता तुमचे उदाहरण तपासतो. तुमच्या घशात गाठ होती. रुग्णालयात त्या दिवशी तुमच्याबरोबर मी होतो. गाठ काढली तर जगाल, पण आवाज राहणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. तुम्ही उत्तर दिलेत, "घर भाड्याचं आहे. भाडेकरूनं भिंती पाडायच्या नसतात." हे वाक्य मी पुढे महाविद्यालयात प्रत्येक नव्या वर्गाला ऐकवले आणि वर्गाने दर वेळी ते वहीत उतरवून घेतले. मात्र डॉक्टरांचे बोलणे आणि तुमचे हे वाक्य यांच्यामध्ये तुम्ही आणखी काही बोलला होतात. बसल्या जागी पुढे झुकून, आमच्या खेड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्यासारखे तुम्ही विचारले होतेत, "अजिबातच न्हाई?" हे मी कोणत्याही वर्गाला सांगितले नाही.

दुसरा पुरावा काकूंचा, म्हणजे तुमच्या पत्नीचा. तुम्ही गेल्यानंतर मी भेटायला आलो, तेव्हा त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "शेवटले दिवस हात सोडला न्हाई माझा. पाणी आणाया उठले तरी म्हनायचे, बस, कुठं जाऊन राहिलीस?" मग तव्यावरची भाकरी उलटून विचारले, "तुला वाढू का?" मी जेवलो.

या दोन पुराव्यांवरून तुमचे भय सिद्ध होते, असे म्हणून हे लिखाण संपवायचे होते. पण होत नाही. मरणाला भिणारा माणूस हात धरतो. वेदनेत असलेलाही धरतो, आणि ज्याला कसलेही भय नाही पण बायको हवी आहे, तोही धरतो. जो हेतू, म्हणजे जो पुरावा, दोन्ही बाजूंना सापडतो त्याने काहीच ठरत नाही, हे तुम्हीच आमच्याकडून घोटून घेतलेत. तुमच्या त्या प्रश्नाचेही तसेच. तुम्ही मरणाला भ्यालात, की आयुष्यभर ज्या आवाजाने शिकवलेत त्याच्यावाचून जगणे तुम्हाला नको होते? की खरोखरच घर भाड्याचे होते आणि तुम्ही फक्त एकदा मागे वळून पाहिलेत? मी बाजूला बसलो होतो, तरी मला माहीत नाही.

इथवर लिहून झाले तेव्हा लेक पिशवी भरता भरता दारात आली. "सकाळी जीप येऊन राहिली. काय ठरलं मंग तुमच्या गुरुजींचं? जाऊ देतात का न्हाई?"

"त्यांच्याविषयी निर्णय करता येत नाही," मी म्हणालो.

"त्यांचं राहू द्या. ते गेले बिचारे. तुमचं काय हाये?"

मी चष्मा काढून पुसला. तिला घाई होती, तरी ती उंबऱ्यावर तशीच उभी राहिली. अखेर मी म्हणालो, "मला जगायचं आहे."

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "व्हय. तेवढंच तर इचारून राहिले इतके दिस," आणि माझे टॉवेल शोधायला आत गेली.

हे टपालात पडणार नाही. तुमच्याच मताप्रमाणे मुक्त आत्म्याला ज्ञान नसते. तेव्हा मुक्त झाला असाल तर तुम्हाला वाचता येणार नाही, आणि झाला नसाल तर सध्या कोणत्या देहात आहात हे मला ठाऊक नाही. लिखाण खोडत मात्र नाही. पहिल्या परिच्छेदातील प्रतिज्ञा असिद्ध राहिली, आणि ती सिद्ध झाली असती तरी माझ्या पायाचा प्रश्न तिने सुटला नसता.

जगावेसे वाटणे हे कारण मला माझ्या तोंडी शोभणारे वाटले नाही, म्हणून मी तुम्हाला भित्रे ठरवायला बसलो. ही माझी चूक आहे, आणि ती मी मान्य करतो.

तुमचा विद्यार्थी,
कळमनुरी