स्थापना : १९२१

८ मार्च १९६०, सकाळी

आजपासून रोजनिशी नियमित. मागच्या वर्षीची सप्टेंबरात बंद पडली, ती गणपतीच्या धावपळीमुळे.

म्युनिसिपालिटीच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या नोकरीचा काल राजीनामा दिला. नऊ वर्षं लोकांच्या जन्मतारखा उतरवल्या, पुरे झालं. दादरच्या ज्ञानकोश कचेरीत उपसंपादकाची जागा मिळणार आहे. म्हणजे मिळालीच. संपादक कमलाकांतराव म्हणाले, आधी एक नोंद लिहून दाखवा, मग बघू. 'बघू' आपलं सभ्यपणाने. नोंदीचा विषय : आरोग्य संशोधन मंदिर, परळ. याच विषयावर गेल्या गणेशोत्सवात आमच्या फणसवाडीत माझं व्याख्यान झालं होतं. अर्धं काम तिथेच झालेलं आहे.

सुमतीने विचारलं, जागा पक्की व्हायच्या आधी राजीनामा कशाला? तिला धोरण कळत नाही.

११ मार्च

नोंद एका बैठकीत लिहिली. कमलाकांतरावांनी पाच मिनिटांत परत केली. म्हणाले, स्थापना १९२१ हे कशावरून? दोन छापील संदर्भ हवेत, एकमेकांपासून स्वतंत्र. संस्थेने स्वतःबद्दल छापलेलं चालणार नाही. मुदत तीस एप्रिल. एक मे रोजी नवं राज्य, त्याच दिवशी पहिला खंड छापायला.

म्हटलं, दोन काय, चार देतो.

१५ मार्च

परळला गेलो. जुने कागद मागितले. हेडक्लार्क म्हणाले, उंदरांनी खाल्ले. कुठल्या? तर प्रयोगासाठी पाळलेल्याच. पिंजरा उघडा राहिला होता.

उंदरांना दाणे घालणारा कोंडीराम म्हणून एक म्हातारा गडी आहे, मालवणकडचा. आपण होऊन बोलायला लागला. गिरण्यांचा मोठा संप झाला त्या वर्सा मी हय इटा व्हायलंय, म्हणाला. म्हणजे इथल्या बांधकामावर विटा वाहिल्या. सन विचारला तर माहीत नाही. परत संपच सांगतो. म्हटलं, बाबा, कोशात संप चालत नाही, सन लागतो. अशिक्षित, तोंडी, अविश्वसनीय. वहीत घेतलं नाही.

२२ मार्च

मिळाला! ग्रंथालयात सहा दिवस जुनी वर्तमानपत्रं चाळली. सप्टेंबर १९५९ची बातमी : 'फणसवाडीतील अभ्यासू व्याख्यात्यांच्या मते सदर संस्था १९२१ साली स्थापन झाली.' व्याख्याता अर्थात मी. पण बातमी वार्ताहराची. म्हणजे स्वतंत्र.

'अभ्यासू' शब्द सुमतीला दोनदा वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती.

२८ मार्च, पाडवा

शुभदिनी दुसरा संदर्भ! परळच्या एका मंडळाची स्मरणिका, जानेवारीत छापलेली. त्यातही १९२१. लेखक तात्या जवळच राहतात, स्वतः भेटून आलो. कुठून घेतलंत विचारलं, तर म्हणाले, पेपरात आलं होतं ना.

सुमती म्हणाली, म्हणजे तुमचंच की. तिला समजावलं की एकच गोष्ट दोन वेगळ्या माणसांनी छापली म्हणजे ती दोनदा सिद्ध होते. मग म्हणाली, पण तुम्हाला कुठून कळलं? सणासुदीला असले प्रश्न विचारू नयेत.

६ एप्रिल

कमलाकांतरावांनी दोन्ही संदर्भ नाकारले. जिथून निघालात तिथेच फिरून येताय, म्हणाले. म्युनिसिपालिटीत माझ्या जुन्या जागेवर वसंत नावाचा मुलगा बसलासुद्धा, असं ऐकतो. ताटावरून अर्धवट उठलो. मात्र आत्मविश्वास शाबूत आहे.

१२ एप्रिल

संस्थेच्या फाटकाशी कोनशिला आहे! तीवर साल असणारच. पण छप्पन सालापासून संयुक्त महाराष्ट्राची पोस्टरं एकावर एक चिकटवलेली. सुमतीचं उलथनं घेऊन गेलो. खरवडायला सुरुवात केली आणि नेमकी पहिली पाळी सुटली. शे-दीडशे गिरणी कामगार. एकाने विचारलं, कोण रे तू? आमचा महाराष्ट्र खरवडतोस? म्हटलं, मी संदर्भ शोधतोय. ते त्यांना आणखीच संशयास्पद वाटलं. कोंडीरामने मध्ये पडून सोडवलं. त्याआधी मला 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अकरा वेळा म्हणावं लागलं, उलथनं वर धरून.

पण १, ९ आणि २ एवढं उघडं पडलं! चारातले तीन आकडे जुळले. शेवटचा राहिला, तो जुळणारच.

१९ एप्रिल

कमलाकांतरावांना 'पाऊण संदर्भ' कळवला. ते म्हणाले, तीस तारखेला मी स्वतः येतो, एक मेच्या सजावटीसाठी भिंत धुणार आहेत. मी हो म्हटलं. निघताना टोपी तिथेच विसरलो. उकाडा फार आहे.

२६ एप्रिल

धीर धरवेना. मागच्या वर्षीची रोजनिशी काढली. शेवटची नोंद : 'व्याख्यान उत्तम. मध्येच साल आठवेना. मंडळाचे सेक्रेटरी अण्णा घड्याळ दाखवत होते. पटकन १९२१ म्हणालो. माझं जन्मसाल, तोंडात बसलेलं. टाळ्या.'

तीनदा वाचलं. रडू आलं, खोटं कशाला लिहू? आता काय करू?

पण योगायोगाने तेच साल असूही शकतं.

३० एप्रिल

भिंत धुतली. १९२८.

कमलाकांतरावांनी कोंडीरामला विचारलं, मोठा संप कधीचा? तिथल्या चारजणांनी एका सुरात सांगितलं, अठ्ठावीसचा. कोशवाले त्याची आठवण सविस्तर लिहून घेणार आहेत. त्याला चहा दिला. मलाही विचारलं, पण कोंडीरामचं झाल्यावर. निघताना कमलाकांतराव म्हणाले, मनमोहनराव, जागेचं आता विसरा.

२ मे

जुन्या कचेरीत गेलो. परत घ्यायला साहेब तयार आहेत, पण अर्ज नव्याने, वयाच्या दाखल्यासह. म्हटलं, त्यात काय, रजिस्टर तर माझ्याच खोलीत आहे. वसंतने काढून दिलं. वडिलांच्या नावासमोर 'मुलगा, १९२२' अशी नोंद. १९२१ नाही. एकवीस आई सांगायची, मी कधी बघितलंच नव्हतं.

अक्षर ओळखीचं वाटलं. माझंच. चोपन्न साली जुनं रजिस्टर फाटलं म्हणून मीच उतरवून काढलं होतं, आणि घाईत बापाचं नावसुद्धा ओळखलं नव्हतं. मूळ प्रत रद्दीत गेली.

वसंत फार नम्र मुलगा आहे. उभा राहून म्हणाला, साहेब, ही नक्कल तुमच्याच हातची आहे, तुमच्यासाठी चालायची नाही. दुसरे दोन पुरावे आणा, वेगवेगळे.

घरी सुमतीने विचारलं, झालं का काम? म्हटलं, झाल्यातच जमा आहे. थोडा संदर्भांचा प्रश्न आहे.