भूल आणि माझी सही

शनिवार, सांजच्याला. गेवराईचा दवाखाना.

सून सविता, सहावा महिना चालू, अन् आज तिचं अपेंडिक्स काढलं. लेक जनावरं घेऊन चारा छावणीवर, त्याचा फोनच लागंना. म्हणून कागदावर सही मी केली. दूध सोसायटीत संचालक झाल्यापासून न वाचता सह्या ठोकत आले. ह्या सहीला मात्र हात अडला.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईला सरळ विचारलं, "हिला झोपवता, पोटातल्याचं काय?"

"औषध थोडं त्यालाही जातं, आजी. तेही गुंगतं, मग उतरतं. पण अपेंडिक्स फुटलं तर दोघंही धोक्यात."

"अन् उठलंच न्हाई तर?"

"शंभर टक्के खात्री कोणीच देणार नाही, आजी."

केली सही. चुकलं का माझं? लेकाला काय सांगू?

आपरेशननंतर नर्सनं ठोके ऐकवले. चालू हायेत. पण लाथ न्हाई. सकाळपर्यंत लई लाथा हाणायचं कार्टं.

आत्ता सविता शुद्धीवर आली. पहिलं तेच विचारलं, "आत्याबाई, हलतंय का?"

"हलतंय की. तुझ्यावाणीच आडदांड हाय. झोप गुमान."

खोटं बोलले. उजव्या हातानं हे लिहितेय, डावा तिच्या पोटावरून काढला न्हाई.