एक जण पाखरांपाशी

आई,

परवा एका बाईपुढे मेथीच्या दोन जुड्या ठेवल्या आणि म्हटलं, एवढी निवडून दे गं मला. तिला बोलतं करायचं होतं. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. या काळात तुझी आठवण बहुतेक सणावाराला आली, नाहीतर आजारपणात. परवा ती अशी कामाच्या मध्येच आली आणि तेव्हापासून हे सगळं तुला सांगावंसं वाटतंय.

तू गेलीस तेव्हा मी वर्तमानपत्रात होते. आता निवृत्त होऊन सातपूरलाच, आपल्या जुन्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका लहानशा संस्थेत जाते. वेठबिगारीत अडकलेली माणसं बाहेर काढायची, त्यांना काही दिवस निवारा द्यायचा, त्यांचे कागद तयार करायचे, असं तिथलं काम. लिखाण माझ्याकडे. माणसाची हकीकत ऐकायची, साध्या भाषेत लिहायची आणि अर्जासोबत प्रांत कार्यालयात द्यायची. तिथे चौकशी होते आणि साहेबांना पटलं तर मुक्ततेचा दाखला मिळतो. त्या एका कागदाने मालकाचा त्या माणसावरचा हक्क संपतो. कागद नसेल तर माणूस काम टाकून पळालेला ठरतो आणि मालक त्याला पुन्हा ओढून न्यायला मोकळा. हे काम तुला आवडलं असतं. वर्तमानपत्रातल्या कामाबद्दल तू एवढंच विचारायचीस, "एवढं भराभरा लिहिताना समोरचं ऐकू येतं का गं?"

गेल्या आठवड्यात एक जोडपं आलं. सुरगाण्याकडचं. सिन्नरच्या पलीकडे अंड्यांच्या एका पोल्ट्रीवर चार वर्षं होते दोघं. तिच्या चुलतभावाने संस्थेला फोन केला, मग तहसीलची माणसं आणि पोलीस जाऊन त्यांना घेऊन आले. ती तिशीतली, तो थोडा मोठा. पहिल्या दुपारी आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी नेमकी अंड्यांची भाजी केली. त्याने ताट हळूच पुढे सरकवलं. "अंडं नको, मावशी. त्याच्या आईला वळखतो मी."

"मग उद्या आईलाच शिजवते," मावशी म्हणाल्या.

"तेवढं नका करू. ती तर जास्त वळखीची."

सगळे हसले, तीही. जेवणं झाल्यावर मी लगेच लिहायला बसले. कार्यालय बंद व्हायच्या आत अर्ज पोचवायचा होता. मी विचारत गेले, ती दोघं उत्तरं देत गेली. मालकाने कोंडून ठेवलं होतं का? नाय. फाटकाला कुलूप? नाय. मारहाण? नाय. जेवण मिळायचं? हो. बाजाराला जाऊ द्यायचा? हो. अर्ध्या तासात कागद तयार झाला. त्याने सही केली, तिने अंगठा दिला. आमच्या वर्तमानपत्रात अशा वेगाचं कौतुक व्हायचं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या कारकुनाने तो कागद माझ्यापुढे ठेवला. "मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय ना? फाटक उघडं, मार नाही, खाणंपिणं आहे, बाजारालाही जातात. ही वेठबिगारी असेल तर माझंही नाव घाला यात." टोमणा होता, पण कागद वाचून कुणीही तेच म्हटलं असतं. पाखरं उपाशी टाकून दोघं पळाले, असा मालकाचा अर्जही तोवर तिथे आला होता. "सोमवारी साहेब बघणार आहेत," कारकून म्हणाला, थोडा नरम होऊन. "आणखी काही असेल तर त्याआधी आणा. नाहीतर हे टिकायचं नाही."

परतताना बसमध्ये मला पेठकडचं आपलं उपकेंद्र आठवलं. तू तिथे नर्सबाई, मी दहा वर्षांची. दवाखान्याला लागूनच आपली खोली, आणि तपासायच्या टेबलापेक्षा तुझ्या चुलीजवळच जास्त बाया बसलेल्या. आलेल्या बाईला तू आधी काहीच विचारायची नाहीस. तिच्यापुढे निवडायला तांदळाचं सूप सरकवायचं, नाहीतर वालाच्या शेंगा. हात चालू झाले की म्हणायचीस, "काल उठल्यापासून सांग." आणि मग नुसतं, "बरं, मग?" एकदा मला घाई झाली. एक बाई कधीची नागलीच्या भाकरीबद्दल बोलतेय, तू ऐकतेयस, आणि मला खेळायला जायचंय. मी मध्येच विचारते, "पोटात दुखतं का तुमच्या?" ती हो म्हणते. ती गेल्यावर तू मला जवळ उभं करतेस. आवाज चढलेला नाही, तरी मला रडू येतं. "ती हो म्हणाली, कारण तुला हो हवं होतं. या माणसांना समोरच्याचं मन मोडवत नाही. तिच्या पाठीत दुखतंय, भाकरी थापायला वाकवत नाही तिला. समजलं?"

मला नोकरी लागली तेव्हा तू तुझं मनगटी घड्याळ मला दिलंस, लाल सेकंदकाट्याचं. देताना म्हणालीस, "हे नाडी मोजायला होतं. माणूस बोलत असताना यात बघायचं नसतं."

तर परवा मी मेथी आणली. संस्थेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी खाली बसलो. नवरा बाहेर पायरीवर. ते आल्यापासून मी पाहत होते, एक जण नळावर गेला की दुसरा खोलीच्या दारात बसून राहायचा. बुजलेत, असं मी मनात धरलं होतं.

"तिथला एक दिवस सांग," मी म्हटलं. "उठल्यापासून."

ती सांगू लागली. उजाडायच्या आत पाण्याची भांडी धुवायची, खाद्य टाकायचं, अंडी वेचून ट्रे भरायचे, विष्ठा ओढायची, पुन्हा पाणी. मी "मग?" म्हणत राहिले. बाजाराच्या दिवशी तो जायचा. कधी ती.

"दोघं मिळून कधी गेलात?"

"नाय, ताई. मालक म्हनायचा, एक जन पाखरांपाशी पायजे."

"चार वर्षांत एकदाही नाही?"

"एकदाबी नाय."

आधार कार्डं मालकाच्या कपाटात. फोनही त्याच्याकडे. कामाला लागताना घेतलेली उचल कधी फिटेल हे तो सांगणार, आणि ती कधी फिटायचीच नाही. काड्या एकीकडे, पानं एकीकडे, असे तिचे हात चालूच होते.

"माझी आई मेली तवा एकलीच गेले मी. तिसऱ्या दिवशी शेजारच्याच्या फोनवर मालक. म्हनला, ये, नायतर तुझ्या नवऱ्याला धाडतो दुसऱ्या पोल्ट्रीवर, बस शोधत. मंग आले माघारी. आईचं दहावं नाय घावलं मला." हात थांबले. मग तिने पुढची काडी उचलली. "फाटक उघडंच व्हतं, ताई. पन तो आत व्हता ना."

बरंच बोलून झाल्यावर मी विचारलं, "हे तू पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

ती ओशाळली. "तुमी घड्याळात बघत व्हत्या. म्हटलं, ताईंना उशीर व्हतोय, आटपावं."

मी ते सगळं तिच्याच शब्दांत लिहिलं. सोमवारी साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि तिला एकच प्रश्न विचारला, दहाव्याला तू का थांबली नाहीस. तिने उत्तर दिलं. मालकाच्या कपाटातली कार्डं आणायला माणूस गेला. आज दाखले मिळाले, दोघांचे दोन.

दुपारी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. तिच्या आईचा एक विधी राहिलाय, तो आता करणार आहेत. बस लागली. ती चढली आणि तो सवयीने खालीच उभा राहिला, पिशवी छातीशी धरून. तिने खिडकीतून हाक मारली, "ये की. हितं कोन ऱ्हायलंय पाखरांपाशी?" तो हसत चढला. दोघं एका बाकावर बसलेली मला दिसली.

संस्थेत आता सगळे माझ्या मेथीचं कौतुक करतात आणि मी ते ऐकून घेते. हे पत्र वहीतच राहील, म्हणून लिहिते. त्या पहिल्या दुपारी माझ्या हातात तुझंच घड्याळ होतं, आई. मी ते अजून रोज किल्ली देऊन चालू ठेवते. कुणी विचारलं तर सांगते, आईची आठवण आहे.