अकराव्या फर्म्याची अदलाबदल

मी, खाली सही करणारा, धंद्याने बाइंडर, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दारूला मी शिवत नाही.

१. दुकानातले दाबयंत्र, टोचे आणि सरसाचे भांडे सुनेला द्यावे. शिलाई तिचीच सरळ येते. मुलाची कधी आली नाही.

२. धाकट्या भावाला माझी छत्री. रस्त्यापलीकडच्यांचा धर्मग्रंथ बांधायला घेतला म्हणून एकोणीस वर्षे त्याने अबोला धरला. छत्री मुळात आपली आहे, असेही तो गावभर सांगतो. घे बाबा एकदाची.

३. आता माझी चूक. रस्त्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते; पणजोबांपासून दोघांत विस्तव जात नाही. पण बाइंडर गावात एकच. दोन्ही प्रार्थनाघरांचे ग्रंथ एकोणीस वर्षांपूर्वी एकाच महिन्यात माझ्याकडे आले. माप एक, कागद एक. फर्मा म्हणजे घडी घातलेली सोळा पाने. प्रलयाची गोष्ट दोन्हींत अकराव्या फर्म्यात. ते दोन्ही फर्मे मी एकाच दाबाखाली ठेवले आणि उचलताना घोळ केला. त्यांची गोष्ट आमच्यात शिवली, आमची त्यांच्यात.

पाच वर्षांनी आमचा ग्रंथ दुरुस्तीला आला तेव्हा कळले. पाचावर धारण बसली. तसाच परत दिला आणि त्याचे वाचन होते तेव्हा मागच्या बाकावर जाऊन बसलो. म्हातारा नावेचे दार लावतो, त्याला रोज हिणवणारा शेजारी बाहेरून दार ठोठावतो, म्हातारा उघडतो. इथे आमची माणसे रडली. जमीन शोधायला सोडलेला पक्षी आमच्या मूळ गोष्टीत कावळा, त्यांच्या गोष्टीत पारवा; पारवा वाचला गेला, तेही कोणाला खटकले नाही. बायको म्हणाली, "आपल्या ग्रंथाची सर कशाला नाही." मग पलीकडे जाऊन खिडकीखाली उभा राहिलो. त्याच ओळीला तसेच हुंदके ऐकू आले.

४. मंगळवारपासून दारांवर डांबराच्या खुणा आहेत. शुक्रवारी दोन्हीकडचे तरुण आपापल्या ग्रंथातल्या याच पानांवर हात ठेवून शपथ घेणार आणि रॉकेलचे डबे घेऊन रस्ता ओलांडणार. आमच्यात सर्वांत पुढे माझा मुलगा. त्याला म्हटले, "अरे, ज्यावर हात ठेवशील ती पानं त्यांची आहेत." त्याने आधी दार ओढून घेतले. मग म्हणाला, "बाबा, हे बाहेर बोललात तर मला तुम्हाला वाचवता यायचं नाही."

उद्या, गुरुवारी सकाळी, मी दोन्ही प्रार्थनाघरांत जाऊन सर्वांसमोर टाके उसवून दाखवणार आहे. परत आलो नाही, तर साक्षीदारांनी हे पत्र शपथेआधी दोन्ही दारांत मोठ्याने वाचावे.

५. घर मुलाला. उद्या माझ्यावर पहिला हात त्यानेच उचलला, तरीही. वकील म्हणाले, "मारणाऱ्याला वारसा मिळत नाही. हे कलम कोर्टात टिकायचं नाही." मी म्हटले, "नाही टिकलं तरी चालेल, साहेब. त्याला वाचायला मिळालं पाहिजे."

साक्षीदार: शाळेच्या निवृत्त बाई, अलीकडच्या. दातांचे डॉक्टर, पलीकडचे. दोघांनी एकाच टेबलावर, माझ्या देखत सह्या केल्या. त्यांची नावे वेगळ्या पाकिटात, वकिलांकडे आहेत.

ठिकाण: माझे दुकान, शटर अर्धे खाली.
बुधवार, नऊ तारीख.
सही: बाइंडर